सबनीसकाकांची कन्सिनिटी

आमच्या गल्लीतले कचऱ्याचे डबे दर मंगळवारी सकाळी कवायतीला उभ्या केलेल्या शाळकरी मुलांसारखे एका रेषेत उभे असतात. सगळ्यांच्या मुठी एकाच दिशेला, राखाडी डब्याच्या उजव्या हाताला लाल डबा, आणि दोन घरांच्या डब्यांमध्ये अगदी सारखे अंतर. इंग्लंडमधल्या या रीडिंग शहराच्या दुसऱ्या कोणत्याही गल्लीत हा देखावा पाहायला मिळत नाही. डबे रिकामे करणारी माणसे सुरुवातीला बिचकली होती. कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, आपली परीक्षा घेत आहे असा त्यांचा समज झाला, आणि काही आठवडे ती रिकामे डबेसुद्धा विलक्षण अदबीने परत ठेवत असत.

ही करामत आमच्या शेजारच्या घरात राहणाऱ्या सबनीसकाकांची. मंगळवारी उजाडताच ते ड्रेसिंग गाऊनवर टाय बांधून बाहेर पडतात आणि गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक डबा दोन्ही हातांनी धरून, नवरदेवाला बोहल्यावर उभे करावे तसा, जागेवर आणतात. गाऊनवर टाय कशाला, असे मी एकदा भीत भीत विचारले होते. त्यावर, आपण काम करायला निघालो आहोत, फिरायला नव्हे, असे त्यांनी मला शांतपणे समजावले. सगळे डबे लागले की ते समोरच्या फुटपाथवर जातात, एक डोळा मिटतात, मान किंचित कलती करतात आणि स्वतःशीच म्हणतात, "कन्सिनिटी."

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला ते एखाद्या गोळीचे नाव वाटले. वास्तविक मी गेली कित्येक वर्षे या देशात एका फायनान्स कंपनीत नोकरी करतो. पण माझे इंग्रजी ईमेलमध्ये जन्मले आणि ईमेलमध्येच म्हातारे होत आहे. घरी येऊन मी शब्दकोश उघडला. शब्द होता. मात्र त्याच्यापुढे 'क्वचित वापरात' असा शेरा होता. शब्दकोशाने स्वतःच हात वर केल्यावर माझ्यासारख्याने काय करावे? मी काकांकडे गेलो. ही माझी चूक होती, असे माझी पत्नी मृणाल म्हणते. चुका कबूल करण्याची मला सवय असल्यामुळे मी तिच्याशी वाद घालत नाही.

काकांनी मला बसवले, चहा दिला, कपाचा कान माझ्या उजव्या हाताकडे वळवला आणि सांगितले, की एलिगन्स कुणालाही असते. मांजरालाही असते. चांगल्या शिवलेल्या एका कोटालाही असते. कन्सिनिटी एकट्याला नसते. निरनिराळे भाग एकमेकांशी असे बेतून बसावेत, की त्यांतला एकही उचलून बाजूला ठेवता येऊ नये, आणि ठेवलाच तर बाकीच्यांना त्याची आठवण यावी, तेव्हा जे काही होते त्याला कन्सिनिटी म्हणायचे. जाणकार लोक हा शब्द बहुधा लेखनशैलीसाठी वापरतात. ज्या वाक्यात प्रत्येक शब्द शेजारच्या शब्दाला शोभतो आणि दोन्ही अंगे सारखी तोललेली असतात, त्या वाक्यात कन्सिनिटी असते. काकांचे म्हणणे असे, की वाक्याला जे लागू आहे ते कपाटालाही लागू आहे.

"मग साधं 'टापटीप' म्हटलं तर?" मी विचारले.

"टापटीप शाळेतली," काका म्हणाले.

नेटकेपणा? तो वाण्याच्या पुडीचा. सुबकता? ती लाडवाची. डौल चालण्यातला, रेखीवपणा नाकाचा, आणि ऐट तर साफ एकट्याची, तिला शेजारी नकोच असतो. मी एकेक मराठी शब्द काढून त्यांच्यापुढे ठेवत होतो आणि ते साडीच्या दुकानातल्या चोखंदळ गिऱ्हाइकासारखे एकेक बाजूला सारत होते. शेवटी माझ्याजवळचे शब्द संपले आणि चहाही संपला. निघताना त्यांनी मला एक धोक्याची सूचना दिली. हा शब्द रोज वापरायचा नाही. रोज वापरला तर त्याची धार जाते. स्वतः ते दिवसातून किती वेळा वापरत, हे विचारण्याचा उद्धटपणा माझ्याने झाला नाही.

शब्द त्यांच्याकडे आला तो मिसेस हार्डकासल नावाच्या बाईंकडून. काका तरुणपणी या शहरात आले आणि एका मोठ्या दुकानाच्या सजावट विभागात कामाला लागले. दुकानाच्या रस्त्याकडच्या काचांमागे कोट, टोप्या, चहाचे संच मांडायचे, हे त्यांचे काम. त्यांनी एकट्याने मांडलेल्या पहिल्याच खिडकीत तीन कोट, एक शिडी आणि एक वाळकी फांदी होती. मिसेस हार्डकासल त्यांच्या वरिष्ठ. त्या फुटपाथवर जाऊन उभ्या राहिल्या, पुष्कळ वेळ पाहत राहिल्या, "यात कन्सिनिटी आहे," असे म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. आपल्याला ठेवले की काढले, हेच काकांना उमगेना. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथालय उघडेपर्यंत आणि शब्दाचा अर्थ सापडेपर्यंत ते जेवले नव्हते. पुढे निवृत्त होईपर्यंत ते त्याच खिडक्यांत राहिले. ते दुकान आता बंद झाले आहे. तिथे व्यायामशाळा आहे, आणि ज्या काचांमागे काकांनी जन्मभर कोटांच्या बाह्या नीट केल्या, तिथे घामाघूम माणसे एकाच जागी धावत असतात. काका त्या रस्त्याने जात नाहीत. त्या माणसांना कुठेही पोहोचायचे नाही, याचे त्यांना काही वाटत नाही. पण ती वेगवेगळ्या वेगाने धावतात, हे त्यांच्याने पाहवत नाही.

नोकरी संपली, खिडक्या संपल्या. काकू तर त्याआधीच गेल्या होत्या. उरले ते काका, त्यांचा शब्द, आणि सभोवार पसरलेला वेडावाकडा इंग्लंड देश.

एकदा ते डॉक्टरांच्या दवाखान्यात साध्या तपासणीसाठी गेले होते. तिथल्या खिडकीपाशी बसलेल्या मुलीला त्यांनी सांगितले, की इथे कन्सिनिटीची फार मोठी अडचण दिसते. त्यांचा रोख प्रतीक्षाकक्षातल्या खुर्च्यांवर होता. मुलीने काळजीने विचारले, एका बाजूला आहे की दोन्ही? दोन्ही बाजूंना आहे, काका म्हणाले, आणि मधल्या रांगेत तर पाहवत नाही. ज्या अपॉइंटमेंटसाठी हा सगळा देश आठवडेच्या आठवडे फोन कानाला लावून बसतो, ती काकांना त्याच दिवशी दुपारी मिळाली.

आमच्या मराठी मंडळाच्या दसऱ्याला समूहफोटो काढण्याचे काम कुणीतरी भाबडेपणाने त्यांच्यावर सोपवले. त्यांनी आधी माणसे उंचीप्रमाणे लावली, मग साड्यांच्या रंगांप्रमाणे लावली, मग उंची आणि रंग यांचे जमेना म्हणून दोन बहिणींना, जरा चपला काढा, अशी विनंती केली. अध्यक्षांचा कुडता लाल असल्यामुळे त्यांना भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्याशेजारी उभे केले गेले. तोवर मसालेभात गार झाला होता. फोटो मात्र अप्रतिम आला. त्यात सर्वांचे चेहरे भुकेले आहेत, पण ती भूकही डावीकडून उजवीकडे क्रमाने चढत गेलेली दिसते.

आमच्या घरी ते जेवायला येत, तेव्हा खरी कसोटी मृणालची लागे. ताटात डावीकडचे डावीकडे, उजवीकडचे उजवीकडे, हे तिलाही ठाऊक होते. पण चटणी आणि कोशिंबीर यांच्यामध्ये श्वास घ्यायला जागा हवी, हे तिला काकांकडून कळले. ती वाढून वळली, की काका बोटाच्या टोकाने लिंबाची फोड जराशी सरकवत. ती परत वळली, की हात मांडीवर. हे बरेच दिवस चालले. शेवटी एका रविवारी मृणालने त्यांच्यापुढे मिसळ ठेवली. उसळ, फरसाण, कांदा, कोथिंबीर, वर लाल तर्री. जिथे पदार्थाचे नावच मिसळ, तिथे सरकवणार काय? काका त्या वाडग्याकडे दीर्घकाळ पाहत राहिले. चमचा उचलला, परत ठेवला. मग हात जोडून म्हणाले, "मृणाल, ह्याला शरणच जायला हवं," आणि दोनदा मागून घेतली. त्यानंतर ते जेवायला आले, की आमच्याकडे मिसळच होते. आम्हाला आता मिसळ बघवत नाही.

काकांना एक मुलगी आहे. तिचे नाव सई; ती जन्मली, वाढली इथेच, आणि तिचे मराठीही इथलेच. लीड्सला एका मोठ्या इस्पितळात ती फिजिओथेरपिस्ट आहे. बापलेकीत भांडण असे काही नव्हते. ती रविवारी फोन करी, हवा कशी आहे हे दोघे एकमेकांना सांगत आणि फोन ठेवत. ती घरी अशी येतच नसे. एकदा कामानिमित्त आली होती, तेव्हा आमच्याकडे चहाला डोकावली. मृणालने सहज तिच्या शाळेच्या दिवसांचा विषय काढला. शाळेत सईची चित्रे नेहमी भिंतीवर लागत. घरी करायचा चित्रांचा अभ्यास रात्री झोपण्यापूर्वी तिने टेबलावर ठेवला, की सकाळी तो सरळ झालेला असे. झाडे तोलून बसलेली, सूर्य योग्य कोपऱ्यात. तिला बक्षिसेही मिळाली. "माझा प्रत्येक ड्रॉइंग सुंदर होता, मावशी," ती हसत म्हणाली, "पण एक पण माझा नव्हता." मृणालने तिला आणखी चहा घेण्याचा आग्रह केला. 

गेल्या वसंतात तिचे लग्न ठरले. मुलगा बेन, तिच्याच इस्पितळात नर्स; शांत, दाढीवाला, आणि कुणी बोलू लागले की हातातले काम खाली ठेवून ऐकणारा. लग्न लीड्सलाच, आपल्या पद्धतीने. आमंत्रण देताना सईने वडिलांना एक अट घातली. ती फोनवरची अट काकांनी मला शब्दशः सांगितली, कारण ती ऐकल्यापासून दुसरे काही त्यांच्या डोक्यात येत नव्हते. "माझा लग्न आहे, बाबा. तुमचा विंडो नाही. तुम्ही या, पण काहीच सरळ करायचं नाही. काहीच."

काका त्या संध्याकाळी आमच्या बैठकीत बसले होते. समोर माझा चष्मा टेबलावर तिरपा पडलेला होता, आणि त्यांनी त्याला हात लावला नाही, तेव्हाच मला प्रकरण गंभीर असल्याचे कळले.

"लग्नाला तर तिनं बोलावलंय, अविनाश," ते म्हणाले. "त्यानंतरही बोलवावं, एवढंच हवंय."

मग त्यांनी आपला बेत सांगितला. लग्नात मी त्यांच्या शेजारी राहायचे. त्यांचा हात एखाद्या वस्तूकडे जाताना दिसला, की त्यांच्या पायावर पाय द्यायचा. मी हादरलो. वडीलधाऱ्या माणसाला चुकून पाय लागला, तरी चटकन वाकून नमस्कार करणाऱ्या घरात मी वाढलो आहे. परवा तर मी कुंडीला पाय लागला म्हणून कुंडीला नमस्कार केला. मी काकांना दुसरा एखादा उपाय सुचवून पाहिला. खाकरणे, डोळ्याने खुणावणे. त्यांनी ते फेटाळले. खाकरायचे तर इथे सगळेच खाकरतात, आणि डोळ्याने खुणावले तर ते आपल्याला दिसणार नाही, कारण आपले डोळे त्या वेळी वाकड्या वस्तूवर असतील. यात तर्क होता. मी नाइलाजाने होकार दिला.

त्यानंतर आमच्या घरी सराव सुरू झाला. मृणाल भिंतीवरच्या तसबिरी तिरक्या करून ठेवी, गालिच्याचा एक कोपरा दुमडे, पुस्तके उलटी लावी, आणि काकांनी दोन्ही हात मांडीखाली घेऊन त्यांच्यामध्ये बसायचे. पहिल्या संध्याकाळी चहा यायच्या आत त्यांनी शरणागती पत्करली. पुढेपुढे ते चहा संपेपर्यंत टिकू लागले, मग बातम्या संपेपर्यंत. त्यांच्या कपाळावर घाम येई. मृणाल मध्येच येऊन एखादी तसबीर आणखी जराशी कलती करून जाई. या कार्यात तिने जो उत्साह दाखवला, त्यात परोपकाराचा वाटा किती आणि लिंबाच्या फोडींचा सूड किती, हे मी तिला विचारलेले नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही तिघे मोटारीने निघालो. वाटेत हमरस्त्यावरच्या एका सर्व्हिस स्टेशनवर कॉफी घ्यायला थांबलो, तर तिथे साखरेच्या पुड्या, दुधाच्या डब्या आणि लाकडी चमचे एकाच टोपलीत कोंबलेले. काकांनी ते पाहिले, डोळे मिटले आणि कॉफी कोरी प्यायले. मृणालने मोटारीत बसताना त्यांची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही हॉलच्या दारात पाऊल टाकले आणि माझे धैर्य गळाले.

हॉल एका जुन्या कापडगिरणीत होता. तिथल्या दोन खुर्च्या एकसारख्या नव्हत्या; एक उंच, एक बुटकी, एक आरामखुर्ची, एक शाळेतले बाक. मुरंब्याच्या रिकाम्या बरण्यांत रानफुले खोचलेली, ज्याला जशी सुचली तशी. छताखाली पताकांच्या माळा, काही ताणलेल्या, काही पोट सुटल्यासारख्या लोंबणाऱ्या. बेनची आई मोठ्या प्रेमाने पुढे आली आणि तिने अभिमानाने सांगितले, की जेवणाच्या बशा तिने महिनोन्‌महिने जुन्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपांतून वेचून आणल्या आहेत, एकही दुसरीसारखी मिळू नये म्हणून.

काकांनी क्षीण आवाजात विचारले, मुद्दाम?

मुद्दामच, ती म्हणाली. रस्टिक.

काकांनी खेडवळ थाटाचा हा शब्द पूर्वी ऐकला होता. पण तो असा सशस्त्र होऊन आपल्यावर चाल करून येईल, याची त्यांना कल्पना नसावी. ते मला म्हणाले की जरा बसू या. मग कोणत्या खुर्चीवर बसावे, हे त्यांना ठरवता येईना. मृणालने त्यांना शेवटी बाकावर बसवले.

त्यांचा उजवा हात पहिल्या बरणीकडे निघाला, तेव्हा मी मन घट्ट करून त्यांच्या पायावर पाय दिला. हात थांबला. आणि माझ्या नकळत मी वाकलो, त्यांच्या पायाला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. थोड्या वेळाने पताकेकडे हात गेला. पुन्हा पाय, पुन्हा नमस्कार. बशांपाशी तर हे लागोपाठ घडले. मला वाटत होते, की कुणाचे लक्ष नाही. पण बेनकडची मंडळी अतिशय सौजन्यशील होती, आणि आपल्या सुनेच्या चालीरीती शिकून घ्याव्यात या निश्चयाने आलेली होती. बेनची एक मावशी माझ्यासमोर येऊन उभी राहिली, मंद हसली, तिने माझ्या पायावर आपला पाय अलगद ठेवला, आणि गुडघे दुखत असूनही वाकून मला नमस्कार केला. मी तिला आशीर्वाद दिला. दुसरा मार्ग नव्हता. पाहता पाहता ती प्रथा हॉलभर पसरली. जो तो एकमेकांच्या पायांवर पाय देऊन वाकू लागला. सईच्या इस्पितळातले एक डॉक्टर तर मृणालला विचारत होते, की पाय डावा द्यायचा की उजवा.

आमचे गुरुजी सोमवार ते शुक्रवार रीडिंगला सॉफ्टवेअर तपासतात आणि शनिवार-रविवारी लग्ने लावतात. जगात अनपेक्षित असे काहीच नसते, अशी त्यांची वृत्ती आहे. त्यांनी हा प्रकार पाहिला, क्षणभर विचार केला आणि लॅपटॉपकडे वळले.

केक आला. तो बेनच्या आजीने स्वतः भाजला होता. तीन मजली होता आणि त्याचा सगळ्यांत वरचा मजला समोरच्या खिडकीतून बाहेर पाहत असल्यासारखा झुकला होता. मी पाय उचलून तयार राहिलो. पण काकांनी हात हलवलाच नाही. ते आजींजवळ गेले, केकचा रंग फार छान आला आहे असे म्हणाले, आणि परत येऊन माझ्याशेजारी उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.  सई दुरून पाहत होती. ती मघापासूनच पाहत असावी, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले.

मुहूर्ताची वेळ झाली. सई पिवळ्या शालूत उभी राहिली, बेन फेट्यात. फेटा एका कानावर आला होता. गुरुजींनी पिशवीतून अंतरपाट काढला, नवरानवरीच्या मध्ये धरायचे ते पांढरे वस्त्र, आणि धरायला दोघे जण कोण, असे विचारले. एका टोकाला बेनचा धाकटा भाऊ पुढे झाला. हा मुलगा ताडासारखा उंच. दुसऱ्या टोकासाठी गुरुजी माझ्याकडे पाहू लागले, तेवढ्यात सई म्हणाली, "बाबा, दुसरा टोक तुम्ही धरा."

काका जागचे हलले नाहीत. आपण काही ऐकले, यावर त्यांचा विश्वास बसला नसावा. मृणालने त्यांना हलकेच पुढे ढकलले.

त्यांनी टोक धरले. आणि तो अंतरपाट, घसरगुंडीसारखा, उंच टोकाकडून ठेंगण्या टोकाकडे उतरत गेला. बेनच्या भावाच्या हातापाशी तो छताशी बोलत होता. काकांपाशी जेमतेम त्यांच्या टाळूपर्यंत पोहोचत होता. काका टाचा उंचावून उभे राहिले, तरी फरक पडेना. सगळा हॉल ती तिरकी रेघ पाहत होता. तो बिचारा मुलगा भला होता; काय बिघडले आहे ते त्याने ओळखले, आणि गुडघे वाकवून, पाय फाकवून, आपले टोक खाली आणू लागला. आता अंतरपाट सरळ होणार, हे मला दिसले. काकांना तर केव्हाच दिसले असणार.

काकांनी टाचा जमिनीला टेकवल्या. ते त्याला इंग्रजीत म्हणाले, की बाळ, वाकू नकोस, सरळ उभा राहा. तू तुझ्या उंचीवर धर, मी माझ्या धरतो.

मुलगा उभा राहिला. कापड पुन्हा तिरके झाले. गुरुजींनी मंगलाष्टके सुरू केली. दोन मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू होते, अक्षता मुठीतून गळत होत्या, कोपऱ्यात कुणीतरी कुणाच्या तरी पायावर पाय देत होते. प्रत्येक सावधानला अक्षता पडत. इंग्रज पाहुण्यांनी त्या पूर्ण ताकदीने फेकल्या. काका पाठ ताठ ठेवून उभे होते. कापडाच्या त्या बाजूला सई होती, अगदी त्यांच्या कोपराशी.

शेवटचे सावधान झाले. टाळ्या वाजल्या. गुरुजींनी शिकवल्याप्रमाणे बेनच्या भावाने आपले टोक झटकन सोडले, आणि ते जमिनीवर आले. काकांचे टोक खाली आलेच नाही.

त्यांचे दोन्ही हात वरच राहिले. कापड त्यांच्या समोर उभे लोंबत होते, आणि त्याच्यामागे काकांचा चेहरा दिसत नव्हता. फक्त कापड हलत होते, वारा नसताना. टाळ्या हळूहळू थांबल्या. 

"बाबा," सई म्हणाली, "सोडा ना आता."

"हो," कापडामागून आवाज आला. "सोडतो."

पण त्यांनी सोडले नाही.

सईने हातातला हार मृणालकडे दिला. शालूचा काठ उचलून ती वळली आणि कापडाच्या मागे, वडिलांच्या बाजूला, गेली. आता कापडाखालून पावले दिसत होती; काकांचे चकचकीत बूट, आणि त्यांच्या अगदी समोर मेंदी लावलेली दोन पावले. कापड अरुंद होते. एकाच टोकाला धरलेले ते वस्त्र दोघांना पुरत नव्हते. सईची पाठ, तिचा हलणारा खांदा, सगळ्यांना दिसत होता. कुठे पाहावे, ते कुणाला कळेना. मी बशांकडे पाहिले.

मग बेन पुढे झाला. त्याने आपला हार खुर्चीवर ठेवला, वाकून जमिनीवर पडलेले टोक उचलले आणि ते हातात धरून उभा राहिला. ते दोघे आणि आम्ही, यांच्या मधोमध. स्वतः त्याने तोंड भिंतीकडे वळवले होते.

 काकांचा आवाज, अगदी हळू असूनही, ऐकू आला.

"सकाळपासून काही खाल्लंस का गं?"

त्यावर सई काय म्हणाली, ते कळले नाही. बेनने हात जरा आणखी वर उचलला.